"युवराज्ञी" छापलं आणि फसलो: राणी, राजमाता, बेगम, लेडी हे सगळं न चुकता कसं लिहायचं

रविवार कारंजाच्या मागच्या गल्लीत माझं डीटीपीचं छोटं दुकान आहे. पत्रिका, स्मरणिका, मानपत्रं, फ्लेक्स, कुणाला इंग्रजीतून मराठी करून हवं असेल तर तेही, असं सगळं चालतं. काही वर्षांपूर्वी एका कार्यक्रमाची पत्रिका आली होती, पाहुणी एका जुन्या संस्थानी घराण्यातली मुलगी, वय असेल तेवीस-चोवीस. आयोजकांनी कागदावर नुसतं नाव लिहून दिलं होतं, मला वाटलं एवढ्या घरातली मुलगी, नुसतं नाव बरं दिसत नाही, म्हणून मी आपलं डोकं चालवून नावाआधी "युवराज्ञी" टाकलं, सोनेरी अक्षरात, चारशे पत्रिका छापून वाटूनही झाल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी मुलीच्या आत्याबाईंचा फोन. आवाज एकदम शांत. "अहो, आमच्या मुलीचं लग्न कधी लावलंत तुम्ही? आणि युवराज कोण, तेवढं तरी कळवा."

युवराज्ञी म्हणजे युवराजाची बायको. युवराजाची बहीण नव्हे, महाराजांची मुलगी नव्हे. राजाच्या मुलीला राजकन्या किंवा राजकुमारी म्हणतात, हे मला शाळेपासून माहीत होतं तरी हात तिकडेच गेला कारण "युवराज्ञी" दिसायला भारदस्त. उरलेल्या पत्रिकांवर चिकटपट्ट्या लावल्या, गेलेल्या गेल्याच. एका अक्षराने काय होतं ते नाशिककरांना वेगळं सांगायला नको म्हणा, आनंदीबाईंची आनंदवल्ली इथून हाकेच्या अंतरावर आहे, "ध चा मा" खरा असो नाहीतर दंतकथा, आमच्या धंद्यात तो रोज होतो.

तेव्हापासून मी एक पद्धत बसवून घेतलीये. तुम्ही पत्रिका छापत असाल, निवेदन करत असाल, जयंतीचा बॅनर लिहीत असाल किंवा एखाद्या परदेशी मालिकेची सबटायटल्स मराठीत करत असाल तर उपयोगी पडेल.

पायरी १: आधी विचारा, कुणामुळे?

बाईचा किताब कुठून आला हे कळलं की अर्धं काम झालं. दारं चारच आहेत. बापाच्या घरातून आलेला, नवऱ्याच्या घरातून आलेला, मुलामुळे आलेला, आणि स्वतःच्या हक्काने मिळालेला. राजकुमारी पहिल्या दारातून, राणी नि पेशवीण दुसऱ्या, राजमाता तिसऱ्या, आणि गादीवर स्वतः बसलेली चौथ्या.

हे मला पुस्तकात नाही, पांडवलेण्यांत कळलं. पाहुण्यांना घेऊन आपण सगळेच दोनशेच्या वर पायऱ्या चढून तिथे जातो, फोटो काढतो, खाली येऊन भेळ खातो. पण एकदा ३ नंबरच्या लेण्याच्या ओसरीत भिंतीवरच्या अक्षरांसमोर नीट उभे राहा. सातवाहनांचा गौतमीपुत्र सातकर्णी माहीत असतो सगळ्यांना, तिथे बोलते ती त्याची आई, गौतमी बलश्री. नातू पुळुमावीच्या १९व्या राज्यवर्षात, म्हणजे मुलगा गेल्यावर, तिने ते लेणं भिक्षूंना दान दिलं, आणि लेखात मुलाच्या पराक्रमाचं भलंमोठं वर्णन करून झाल्यावर स्वतःची ओळख काय दिलीये? महादेवी, महाराजाची माता, महाराजाची पितामही. म्हणजे राणी, राजाची आई, आणि राजाची आजी. शिवाय राजर्षीची वधू या शब्दाला शोभेल असं जगणारी. एकाच बाईचे एवढे किताब, आणि प्रत्येकामागे कुठला पुरुष आहे ते स्वच्छ दिसतं.

त्याच लेण्यात गौतमीपुत्राच्या २४व्या वर्षाचा एक हुकूम कोरलाय, गोवर्धनच्या अमात्याला उद्देशून (गोवर्धन म्हणजे आपलं गंगापूर रोडच्या बाजूचं गाव). त्यात राजाबरोबर "महादेवी जीवसुता राजमाता" अशी बाई हुकूम देते. जीवसुता, जिचा मुलगा जिवंत आहे ती. आज आपण ज्या बाईला सहज "राजमाता" म्हणून मोकळे होतो तो शब्द जवळजवळ १९०० वर्षांपूर्वी आपल्याच डोंगरात असा तोलूनमापून वापरलाय, हे पाहिल्यावर मला माझ्या सोनेरी युवराज्ञीची फारच लाज वाटली.

पुढे १० नंबरच्या लेण्यात जा. तिथे खोलीच्या दारावर दखमित्रा, म्हणजे दक्षमित्रा. क्षत्रप नहपानाची मुलगी, आणि दीनिकाचा मुलगा उषवदात याची "कुडुंबिनी". राजाची मुलगी असूनही लग्नानंतरची ओळख कुटुंबिनी, पण बापाचं नाव आधी आहे, ते सोडलेलं नाही. आणि मजा म्हणजे तिच्या नवऱ्याची ओळख नहपानाचा जावई. मोठेपण तिच्या बाजूचं होतं ना!

सगळ्यात आवडता मात्र २० नंबरच्या लेण्यातला लेख. बोपकी नावाच्या यतीने सुरू केलेलं लेणं कित्येक वर्षं अर्धवट पडलेलं, ते पुरं केलं वासू नावाच्या बाईने, महासेनापती भवगोपाच्या बायकोने. यज्ञ सातकर्णीचं ७वं वर्ष. आणि तिचा किताब काय तर "महासेनापतिनी". आपण पाटलाची पाटलीण, सुभेदाराची सुभेदारीण, पेशव्याची पेशवीण करतो ना, तेच. म्हणजे नवऱ्याच्या हुद्द्याला ईण लावायची सवय आपल्याला आजची नाही.

पायरी २: डॉक्टरीणबाई स्वतः डॉक्टर आहेत की डॉक्टरांची बायको?

मराठीतला सगळ्यात फसवा प्रत्यय हा. आमच्या चाळीत "मास्तरीणबाई" होत्या, त्या शाळेत शिकवत नव्हत्या, मास्तरांच्या बायको होत्या, आणि शेजारच्या गल्लीत दुसऱ्या मास्तरीणबाई होत्या त्या खरंच चौथीला शिकवायच्या. "राणी" शब्दाचं अगदी तसंच आहे. राजाची बायको राणी आणि स्वतः राज्य करणारीही राणी. इंग्रजीत क्वीनचंही तेच दुखणं.

म्हणून पहिल्या पायरीनंतर लगेच हे तपासायचं की गादी कुणाच्या नावावर होती. भोपाळला १८१९ ते १९२६ मध्ये, अधली काही वर्षं सोडली तर, एकामागून एक चार बेगमांनी कारभार केला, कुदसिया, सिकंदर, शाहजहाँ आणि सुलतानजहाँ. शाहजहाँ आणि सुलतानजहाँ या तर स्वतःच्या नावाने राज्य करणाऱ्या, त्यांना "नवाबाची बेगम" लिहिलं की सपशेल चूक, त्या "नवाब बेगम". आपल्या जिल्ह्यातही होतं की, पेठ संस्थानाच्या शेवटच्या बेगम १८७८ साली वारल्या आणि मग पेठ इंग्रजांच्या अमलात गेलं. दिल्लीची रझिया (१२३६ ते १२४०) तख्तावर स्वतः होती, तिला "सुलतान"च लिहा.

मग तिसरा प्रकार येतो, कारभार बाईचा पण गादी मुलाची. राजाराम महाराज १७०० साली गेल्यावर ताराबाईंनी औरंगजेबाला जेरीस आणलं ते मुलाला, दुसऱ्या शिवाजीला, गादीवर बसवून. म्हणून "महाराणी ताराबाई" बरोबर, पण "छत्रपती ताराबाई" लिहायच्या आधी दोनदा विचार करा. येसूबाईंची गोष्ट त्याहून सुंदर आहे. संभाजी महाराजांनी त्यांना कारभाराचे अधिकार दिले आणि शिक्का होता "श्री सखी राज्ञी जयति". राजा बायकोला शिक्क्यात सखी म्हणतो. एवढ्यावर एखादा फ्लेक्स करा की, लोक उभे राहून वाचतील.

परदेशातलं उदाहरण द्यायचं तर राणी एलिझाबेथ स्वतः गादीवर, म्हणून तिचा नवरा किंग झाला नाही, प्रिन्स फिलिप, ड्यूक ऑफ एडिंबराच राहिला. राजाची बायको राणी होते, राणीचा नवरा राजा होत नाही, असा तिकडचा नियम. आणि ऑस्ट्रियाची मारिया तेरेसा तर दोन्ही एकदम: हंगेरीची राणी स्वतःच्या हक्काने, पण एम्प्रेस नवऱ्यामुळे. भाषांतर करताना अशा ठिकाणी "सम्राज्ञी" लिहून एक ओळ खुलासा टाकतो मी, क्लायंटने कापली तर कापली.

पायरी ३: नवऱ्याचा हुद्दा त्या साली काय होता?

इथे सर्वात जास्त चुका होतात, आणि त्या आपल्या आवडत्या बायकांबाबत होतात म्हणून कुणी बोलत नाही.

पेशवा हा छत्रपतींचा प्रधान. राजा साताऱ्याला. तेव्हा पेशव्याची बायको राणी नव्हे, महाराणी तर नव्हेच. काशीबाई, रमाबाई, गोपिकाबाई, आनंदीबाई या सगळ्या "श्रीमंत", "बाईसाहेब", फार तर पेशवीणबाई. गोपिकाबाई तर आपल्याच, नानासाहेब पेशव्यांची बायको, माधवरावांची आई, शेवटची वर्षं गंगापूरला काढली आणि १७८८ साली नाशकातच गेल्या, रामकुंडाची दुरुस्ती त्यांनी केली. पत्रांतला मायना त्यांना "मातोश्री" असा असायचा. पंचवटीत एका संस्थेच्या बोर्डावर मी "महाराणी गोपिकाबाई" वाचलं आणि सायकलवरून पडायचा राहिलो.

दुसरं उदाहरण अहिल्याबाई. त्यांच्याबद्दल लिहिताना हात थरथरतो कारण लोक भावूक आहेत, आणि असायलाच पाहिजे. पण होळकर तेव्हा सुभेदार. मल्हाररावांना सगळे सुभेदार म्हणायचे, महाराजा हा किताब पुढच्या काळातला. अहिल्याबाईंनी १७६७ पासून १७९५ पर्यंत जो कारभार केला तो कुठल्याही महाराणीला लाजवेल असा, पण त्या काळच्या पत्रांत त्या "मातोश्री अहिल्याबाई", मायना "गंगाजळ निर्मळ". मला विचाराल तर "महाराणी"पेक्षा हे कितीतरी मोठं आहे, आणि नाशिकच्या माणसाला तर जास्तच कळावं, आपण गोदावरीला गंगाच म्हणतो. पुण्यश्लोक, देवी ही लोकांनी नंतर दिलेली प्रेमाची विशेषणं, ती लिहायला काहीच हरकत नाही, फक्त ती हुद्दा म्हणून लिहू नका.

राणी आणि महाराणी यातला फरकही इथेच. नवरा राजा तर राणी, महाराजा तर महाराणी. एकापेक्षा जास्त राण्या असतील तर अभिषेकाच्या वेळी शेजारी बसलेली ती पट्टराणी, जसं ६ जून १६७४ ला रायगडावर सोयराबाई. संस्कृतात पट्टराणीला महिषी म्हणतात. हा शब्द चुकूनही फ्लेक्सवर टाकू नका, अर्थ बरोबर असला तरी लोक म्हैस वाचतील, आणि संस्कृतात त्याचा तोही अर्थ आहेच.

पायरी ४: नाव आहे की किताब, माहेरचं की सासरचं

ही पायरी छोटी आहे पण विसरू नका. मुमताज महल, नूरजहाँ ही नावं नाहीत, किताब आहेत, मूळ नावं अर्जुमंद बानू आणि मेहरुन्निसा. "बेगम मुमताज महल राणी" असं तीन मजली काही लिहू नका. बेगम हे बेगचं आणि खानम हे खानचं स्त्रीलिंगी रूप, एवढं लक्षात ठेवलं तरी पुष्कळ.

मराठी घराण्यांत लग्नानंतर नाव बदलायचं. झाशीच्या राणीचं माहेरचं नाव मणिकर्णिका तांबे. ग्वाल्हेरच्या विजयाराजे शिंदे माहेरच्या लेखा दिव्येश्वरी, १९४१ ला लग्न झालं तेव्हा विजयाराजे झाल्या. बडोद्यात तर गंमतच. सयाजीराव महाराज आपल्या मालेगावजवळच्या कवळाण्याचे, गोपाळ नावाचा शेतकऱ्याचा पोरगा, १८७५ ला खंडेरावांच्या विधवा महाराणी जमनाबाईंनी दत्तक घेतला. त्यांची पहिली बायको तंजावरची लक्ष्मीबाई, तिचं नाव ठेवलं चिमणाबाई. ती गेल्यावर १८८५ ला दुसरं लग्न, देवासच्या गजराबाई घाटगे, त्यांचंही नाव चिमणाबाई! तेव्हा कुठल्याही फोटोखाली नुसतं "महाराणी चिमणाबाई" लिहू नका, पहिल्या की दुसऱ्या ते लिहा. १९२७ ला पुण्यात अखिल भारतीय महिला परिषदेच्या पहिल्या अध्यक्ष झाल्या त्या दुसऱ्या. राजस्थानातल्या राण्यांचं उलट, तिथे सासरीही माहेरच्या कुळावरून ओळख, हाडी राणी म्हणजे हाडा कुळातली, भटियाणी म्हणजे भाटी कुळातली.

पायरी ५: मासाहेब, आऊसाहेब, अक्कासाहेब... ही नाती आहेत

मासाहेब, आऊसाहेब, आईसाहेब, माईसाहेब, ताईसाहेब, अक्कासाहेब, वहिनीसाहेब, काकीसाहेब. यातला एकही शब्द हुद्दा नाही. घरात ज्या नात्याने हाक मारायचे त्याला साहेब लावलं, मग नोकरचाकर आणि रयतही तेच म्हणायला लागली. जिजाऊ मासाहेब म्हणा, आऊसाहेब म्हणा, दोन्ही गोडच. पण अडचण अशी की एकाच घरात एकाच वेळी बाकीचेही असतात, आणि आज ज्या वहिनीसाहेब त्या वीस वर्षांनी आईसाहेब होतात. जुन्या पत्रात "ताईसाहेब" दिसलं तर कुणी लिहिलंय ते आधी बघा, भावाने लिहिलंय की कारभाऱ्याने. कोल्हापुरात तर बाईलाही "महाराज" लावतात, शाहू महाराजांच्या मुलीला, राधाबाईंना, "अक्कासाहेब महाराज" म्हणत. प्रूफरीडर त्यातलं महाराज खोडतो, खोडू देऊ नका. तसंच सुमित्राराजे, विजयाराजे यातलं "राजे" बायकांच्या नावाचाच भाग असतं, चुकून पुरुषाचं नाव लागलंय असं समजून निवेदक "राजे आले" म्हणतो आणि मंडपात खसखस पिकते.

क्रियापदाचं तेवढं सांभाळा. "राणीसाहेब आले" नव्हे, "राणीसाहेब आल्या". साहेब लागलं म्हणून लिंग बदलत नाही.

नावाआधीच्या सौ., श्रीमती, गं. भा. बद्दल माझं मत सरळ आहे. जुन्या पत्रात वज्रचुडेमंडित, गंगाभागीरथी जे असेल ते जसंच्या तसं ठेवायचं, ते त्या काळचं कागदपत्र आहे. आजच्या पत्रिकेत मात्र कुणालाही न विचारता गं. भा. लावायचं नाही. नवरा आहे की नाही हे चारशे लोकांना कळवायचं काम छापखान्याचं नाही.

पायरी ६: राजमाता कधी?

शब्दाचा अर्थ उघड आहे, जिचा मुलगा गादीवर आहे ती. महाराजा गेले, मुलगा गादीवर बसला, सून महाराणी झाली, मग सासू राजमाता. जयपूरच्या गायत्रीदेवी १९४० पासून महाराणी, १९७० ला सवाई मानसिंह गेल्यावर राजमाता. त्यांच्या बाबतीत गादीवर बसला तो सावत्र मुलगा, तरी त्या राजमाताच, म्हणजे पोटचाच मुलगा हवा असं नाही. जमनाबाईंचा तर दत्तक होता.

नवरा हयात असताना राणीला राजमाता लिहिणं म्हणजे काय होतं ते नीट समजून घ्या, तुम्ही महाराजांना जिवंतपणी पोचवताय. एका स्वागताच्या कमानीवर मी हे झालेलं पाहिलंय, महाराज स्वतः गाडीतून उतरून खालून चालत गेले, वर बघून हसले, बस.

आणि राजाची बायको म्हणजे राणीच असेलच असंही धरून चालू नका. त्रावणकोरला वारसा आईकडून, बहिणीच्या मुलाकडे जायचा. तिथे महाराणी म्हणजे राजाची आई, मावशी किंवा बहीण. १९२४ ते १९३१ राज्य सांभाळणाऱ्या सेतु लक्ष्मीबाई या महाराणी होत्या त्या कुठल्या राजाच्या बायको होत्या म्हणून नव्हे. राजाच्या बायकोला तिकडे म्हणायचे "अम्मची". केरळची ट्रिप करून आलेले लोक पद्मनाभपुरम राजवाड्याचे फोटो टाकताना खाली बिनधास्त राजा-राणी लिहितात ते यामुळे गंडतं.

पायरी ७: इंग्रजी किताब आले की

पाच पायऱ्यांची उतरंड पाठ करून टाका. वरून खाली: डचेस, मार्शनेस, काउंटेस, व्हायकाउंटेस, बॅरोनेस. नवरे अनुक्रमे ड्यूक, मार्क्वेस, अर्ल, व्हायकाउंट, बॅरन. यात अर्लची बायको काउंटेस का, तर इंग्रजीत अर्लला स्त्रीलिंगच नाही, म्हणून युरोपातल्या काउंटचं उसनं घेतलं. या शब्दांना मराठी प्रतिशब्द शोधायला जाऊ नका. मी एकदा डचेसला "सरदारीणबाई" केलं होतं, वाचताना ती बाई लंडनऐवजी येवल्याला राहते असं वाटायला लागलं. डचेस डचेसच ठेवा, पहिल्यांदा येईल तिथे "ड्यूकची पत्नी" एवढं सांगा.

खरी गोची लेडी या शब्दात आहे. आपल्याला हा शब्द मुंबईमुळे ओळखीचा, लेडी मेहरबाई टाटा, लेडी प्रेमलीला ठाकरसी. दोराबजी टाटांना १९१० मध्ये सर किताब मिळाला, मग बायको लेडी. इंग्लंडच्या काटेकोर रिवाजात सरांची बायको "लेडी टाटा" अशी आडनावानेच लिहितात. लेडीच्या पुढे स्वतःचं पहिलं नाव आलं तर त्याचा अर्थ ती ड्यूक, मार्क्वेस किंवा अर्लची मुलगी, म्हणजे पहिलं दार, बापाचं घर. आपल्याकडे लेडी मेहरबाई असं रुळलंय, ते तसंच राहू द्या, इतकी वर्षं चालत आलेलं नाव दुरुस्त करायचं नसतं, पण तिकडच्या बाईबद्दल लिहिताना हा फरक पाळा.

डायनावरून हे पटकन समजतं. तिचा बाप १९७५ ला अर्ल झाला तेव्हा ती लेडी डायना झाली. १९८१ ला लग्न झालं आणि प्रिन्सेस ऑफ वेल्स झाली, नवऱ्याच्या दारातून. जगभर "प्रिन्सेस डायना" म्हणतात पण काटेकोरपणे ते चूक, कारण नावाआधी प्रिन्सेस लावायचं ते जन्माने प्रिन्सेस असेल तर, जशी ॲन. १९९६ ला घटस्फोट झाल्यावर ती "डायना, प्रिन्सेस ऑफ वेल्स" झाली, नाव आधी, किताब मागे, हर रॉयल हायनेस गेलं. एका स्वल्पविरामात घटस्फोट! मराठीत तो स्वल्पविराम निम्मे लोक काढून टाकतात.

दुसरं माझं लाडकं उदाहरण अगाथा ख्रिस्ती. नवरा मॅक्स मॅलोवन, पुराणवस्तू संशोधक, त्याला १९६८ ला सर मिळालं म्हणून ती लेडी मॅलोवन. मग १९७१ ला तिला स्वतःला डेम किताब मिळाला, तेव्हा ती डेम अगाथा. डेम म्हणजे सरच्या तोडीचं, बाईने स्वतः कमावलेलं, आणि ते पहिल्या नावाला लागतं, आडनावाला नाही, म्हणजे "डेम ख्रिस्ती" नाही चालत. आणि हो, बाई डेम झाली म्हणून नवऱ्याला काही मिळत नाही.

राहिली व्हिक्टोरिया. तिला सरसकट "भारताची सम्राज्ञी" लिहितात, १८५७ च्या गोष्टीतसुद्धा. तो किताब १८७६ च्या कायद्याने आला आणि १ जानेवारी १८७७ ला दिल्ली दरबारात जाहीर झाला, कैसर-ए-हिंद तो तोच. त्याआधीच्या गोष्टीत ती फक्त राणी.

पायरी ८: आजच्या पत्रिकेवर काय छापायचं

कायद्याने बघाल तर सगळं संपलेलं आहे. राज्यघटनेचं कलम १८ किताबांबद्दलच आहे, आणि १९७१ च्या २६व्या घटनादुरुस्तीने संस्थानिकांची मान्यता नि तनखे दोन्ही गेले. म्हणून सरकारी अर्ज, शपथपत्र, सातबारा असल्या कागदावर नुसतं नाव. खाजगी पत्रिका, मानपत्र, स्वागताचा बोर्ड यावर लोक आदराने लावतात, आणि आपल्याकडे ते लावलं नाही तर आयोजकांच्या पोटात गोळा येतो, त्यामुळे लावायचंच तर घरच्यांना विचारून लावा.

मी आता फोन करतो. सरळ विचारतो की ताई, नावाआधी काय लिहू, नावानंतर राजे आहे का, आडनाव माहेरचं की सासरचं, आणि सौ. हवं की नको. बहुतेक वेळा उत्तर येतं "काही नको हो, नुसतं नाव टाका". एखाद्या ठिकाणी मात्र सव्वा ओळीचं बिरुद सांगतात, तेही निमूट घेतो. मग प्रूफ व्हॉट्सॲपवर पाठवतो, पण तेवढ्यावर भागत नाही, फोनवर मोठ्याने वाचून दाखवतो, कारण डोळा "राज्ञी" आणि "युवराज्ञी" यातून घसरतो, कान घसरत नाही. आणि हे घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या बाईला वाचून दाखवायचं, तरुण पोरांना नाही, त्यांना काहीही चालतं.

त्या आत्याबाई मागच्या महिन्यात स्वतः दुकानात आल्या होत्या. त्याच मुलीची लग्नपत्रिका करायचीये. मी चहा मागवला, "चि. सौ. कां." टाइप केलं, स्क्रीन त्यांच्याकडे वळवली. त्यांनी चष्मा लावून दोनदा वाचलं आणि म्हणाल्या, "आता बरोबर. मुलगा पुण्यात आयटीत आहे हो, तेव्हा तुमची ती युवराज्ञी याही वेळी नकोच."